जुना स्किडर: इंजिनाआधी मधला सांधा बघा

जुना स्किडर बघायला गेलेला नवखा माणूस सगळ्यात आधी इंजिन सुरू करायला सांगतो. आवाज बरा वाटला की त्याचा अर्धा निर्णय तिथेच होतो. मला हा क्रम उलटा करायला सांगायचं आहे. इंजिन उतरवता येतं, उघडता येतं, अगदीच गेलं तर दुसरं बसवता येतं. पण पुढचा आणि मागचा भाग जोडणारा मधला सांधा, दोन्ही अ‍ॅक्सल आणि चॅसीचं लोखंड संपलेलं असेल तर उत्तम इंजिनाचाही उपयोग नसतो. ज्या यंत्राचं इंजिन बंद पडलंय पण सांधा घट्ट आहे, ते मी गोड आवाजाच्या पण ढिल्या सांध्याच्या यंत्रापेक्षा कधीही वर ठेवेन.

ज्यांनी स्किडर जवळून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तोडलेली झाडं जंगलातून ओढत गोळा करण्याच्या जागेपर्यंत आणणारं हे यंत्र. चारही चाकं सारख्या आकाराची आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद. पुढची चाकं ट्रॅक्टरसारखी वळत नाहीत. स्टिअरिंगचे हायड्रॉलिक सिलिंडर यंत्रालाच कमरेत वाकवतात. पुढे वाट साफ करायला ब्लेड असतं. मागे कमान आणि विंच, म्हणजे केबल गुंडाळून ओढणारा ड्रम, असेल तर तो केबल स्किडर, मोठा हायड्रॉलिक चिमटा असेल तर ग्रॅपल स्किडर. नवख्याने केबलवाल्यापासून सुरुवात करावी. त्यात हायड्रॉलिकचा पसारा कमी असतो आणि दोष डोळ्यांना दिसतात.

ओळख पटवणं

जुन्या बाजारात ठरावीक नावं पुन्हा पुन्हा दिसतात. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या वुडस्टॉकचा टिंबरजॅक, त्याची २०८, २२५, २३०, २४० ही मॉडेलं. क्लार्क कंपनीचे रेंजर, म्हणजे ६६४, ६६६, ६६७, ६६८. जॉन डिअरचा ४४० हा १९६५ सालापासूनचा. पुढे ५४० आणि ६४० आले आणि आकड्यापुढे इंग्रजी अक्षर लावलेल्या आवृत्त्या निघत गेल्या. याशिवाय ट्री फार्मर, व्हर्जिनियातला फ्रँकलिन, पेटीबोन, कॅटरपिलरचा ५१८. टिंबरजॅक कंपनी २००० साली जॉन डिअरने घेतली, त्यामुळे जुन्या टिंबरजॅकची माहिती शोधताना दोन्ही नावांनी शोधावं लागतं.

बाहेरच्या पत्र्यावर लिहिलेलं मॉडेल हा फक्त अंदाज समजा. पत्रे बदललेले असतात, रंग तर हमखास बदललेला असतो. खरा आधार म्हणजे सिरियल नंबरची पट्टी. ती बहुधा चालकाच्या जागेजवळ किंवा चॅसीच्या बाजूला असते. पट्टी गेली असेल तर तारेच्या ब्रशने चॅसीचा रंग घासा आणि ठोकलेले आकडे शोधा. झिजलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की नुसत्या डोळ्यांना न दिसणारा आकडाही उमटतो. पट्टीचे रिव्हेट नवे दिसले किंवा चॅसीवरचा आकडा खरवडलेला दिसला तर मालकीची कागदपत्रं नीट तपासल्याशिवाय पुढे बोलू नका.

इंजिनाचा नंबर म्हणजे यंत्राचा नंबर नव्हे. यात नवख्यांचा सतत गोंधळ होतो. बहुतेक स्किडर हे निरनिराळ्या कारखान्यांतल्या भागांची जुळणी असतात. इंजिन एकाचं, गिअरबॉक्स क्लार्क किंवा फंकचा, अ‍ॅक्सल रॉकवेल, क्लार्क किंवा ईटनचे, विंच गिअरमॅटिकचं. प्रत्येकाची स्वतःची छोटी पट्टी असते आणि तीच पुढे सुटे भाग मागवताना कामाला येते. त्यामुळे वहीत पाच रकाने करा: चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल, विंच. प्रत्येकाचा फोटो, पट्टीवरचा नंबर आणि पट्टी नसेल तर ओतीव भागावर उठलेला नंबर लिहून ठेवा. पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळे निघाले तर थांबा. दोन्हींचं गिअर गुणोत्तर जुळत नसेल तर चारही चाकं एकमेकांशी भांडत राहतात आणि प्रोपेलर शाफ्ट, त्याच्या सांध्यातले क्रॉस, गिअरबॉक्स असं एकेक तुटत जातं. दोन्ही हौसिंगवरचे गुणोत्तराचे आकडे पडताळा. टायरची मापंही चारही सारखी हवीत, फक्त लिहिलेली नव्हे, झिजून उरलेलीसुद्धा.

मधला सांधा

इथे वेळ द्या. यंत्राच्या बाकी सगळ्या तपासण्यांना मिळून जितका वेळ लागतो, तितका या एका सांध्याला दिला तरी हरकत नाही.

पुढची आणि मागची चॅसी वर एक आणि खाली एक अशा दोन जागी जोडलेली असते. काही यंत्रांत साध्या पिन आणि बुश (भोकात बसणारी, झिजली की बदलायची नळी) असतात, काहींत टेपर रोलर बेअरिंग आणि शिम, म्हणजे फट जुळवणाऱ्या पातळ चकत्या. ओढलेल्या लाकडाचा सगळा भार, ब्लेडचा प्रत्येक धक्का आणि वळतानाची सगळी पिळवणूक या दोन जागांतून जाते. दररोज ग्रीस मिळालं तर हा सांधा वर्षानुवर्षं टिकतो. दुर्लक्ष झालं तर आधी बुश, मग पिन आणि शेवटी चॅसीतलं भोकच खाल्लं जातं.

तपासणीला दोन माणसं लागतात. एक सीटवर, दुसरा बाहेर, चालकाला सतत दिसेल अशा जागी. इंजिन चालू असताना दोन चाकांच्या मधल्या जागेत कुणीही उभं राहायचं नाही. यंत्र वळलं की ती जागा क्षणात बंद होते आणि तिथे सापडलेला माणूस वाचत नाही. पिन आणि तिला धरणारा कान, म्हणजे चॅसीचा भोक असलेला जाड पाट, यांच्यावरून खडूची एक आडवी रेघ मारा. मग चालकाला ब्लेड जमिनीवर टेकवून हळूच दाबायला सांगा, पुढची चाकं उचलू लागेपर्यंत. पुन्हा सोडायला सांगा. वरच्या आणि खालच्या कानांमधली फट उघडते-मिटते का, रेघेचे दोन तुकडे सरकतात का, हे लांबून टॉर्च मारून बघा. त्यानंतर मंद गतीवर स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायला लावा. पिन आधी हलली आणि मागचा भाग नंतर हलला तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. स्टिअरिंग सिलिंडरच्या टोकांनाही हीच परीक्षा.

आता इंजिन बंद करा, ब्लेड जमिनीवर टेकवा, सांध्याचं कुलूप लावा. दोन्ही चॅसींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारा जाड दांडा किंवा पिन म्हणजे हे कुलूप. तो जागेवर नसेल तर आत हात घालू नका. कुलूप लागल्यावर पहार घालून कान उचकटून बघा. सांध्याभोवती लालसर भुकटी दिसली तर ती लोखंडाची झीज आहे, बरेच दिवस तिथे ग्रीस पोहोचलेलं नाही. चकचकीत नवं ग्रीस भरपूर थापलेलं असेल तर ते पुसा आणि आत काय आहे ते बघा. आणि पिन चॅसीला वेल्ड केलेली दिसली तर समजून घ्या: पिनला फिरू न देणारी पट्टी किंवा बोल्ट तुटला, पिन भोकात फिरत राहिली, भोक मोठं झालं आणि कुणीतरी वेल्डिंगने वेळ मारून नेली.

नुसती पिन-बुश झिजली असेल तर काम कष्टाचं आहे पण अवघड नाही. भोक लंबगोल झालं असेल तर लाइन बोअरिंग, म्हणजे भोकं एका रेषेत पुन्हा गोल कापून घेणं, करावं लागतं, आणि तो खर्च यंत्राच्या किमतीतून वजा करूनच बोलणी करायची.

सांधा उघडायचा झाला तर सपाट, पक्की जमीन हवी. माती नको. दोन्ही भागांखाली स्वतंत्र भक्कम आधार द्या. जॅक हे उचलण्यासाठी असतात, धरून ठेवण्यासाठी नाहीत. सांध्यातून जाणारा प्रोपेलर शाफ्ट काढा. होज पाइपना नंबरांच्या पट्ट्या बांधा आणि उघड्या तोंडांना टोपणं घाला. स्टिअरिंग सिलिंडर सोडवा, पिन काढा आणि एक भाग हळूहळू मागे न्या. भोकाचं माप खोलीत तीन जागी आणि प्रत्येक जागी काटकोनात दोन दिशांनी घ्या. एकाच जागी घेतलेलं माप फसवं असतं, कारण भोक नरसाळ्यासारखं झिजलेलं असू शकतं. बोअरिंग करताना वरचं आणि खालचं भोक एकाच दांड्यावर, एकाच बांधणीत झालं पाहिजे. दोन भोकं वेगवेगळी केली तर त्यांची रेषा जुळत नाही आणि नवी पिन काही महिन्यांत जुनीसारखी होते. हाताने वेल्ड भरून ग्राइंडरने गोल करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. नवे बुश ठोकून बसवण्यापेक्षा आधी चांगले थंड करून सरकवा. टेपर बेअरिंग असलेल्या यंत्रात शिमचा हिशेब मॅन्युअलप्रमाणेच करा; जास्त घट्ट बसवलेलं बेअरिंगही लवकर मरतं. शेवटी निपलमधून भरलेलं ग्रीस दुसऱ्या बाजूने खरोखर बाहेर येतंय हे बघूनच काम संपवा.

चॅसीच्या भेगा

भेगा ठरलेल्या जागी येतात: सांध्याच्या कानांच्या मुळाशी, मागची कमान चॅसीला मिळते तिथे, अ‍ॅक्सल बसतात त्या पट्ट्यांजवळ आणि ब्लेडच्या हातांच्या मुळाशी. धुतलेल्या यंत्रावर रंगाखालून आलेली बारीक तांबूस रेघ म्हणजे बहुधा भेग. शंका असेल तर डाय पेनिट्रंटचे डबे घ्या. लाल द्रव फवारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर लाल रेघ वर येते.

वेल्डिंग करताना भेगेच्या दोन्ही टोकांना छोटं भोक पाडा, नाहीतर ती पुढे सरकत राहते. मग भेग पूर्ण खोलीपर्यंत व्हीच्या आकारात खणा, जाड पाट आधी गरम करा आणि कोरड्या ठेवलेल्या ७०१८ सारख्या कमी हायड्रोजनच्या रॉडने भरा. वरून जोडपट्टी लावायची असेल तर तिची टोकं निमुळती किंवा गोल ठेवा. चॅसीला आडवी, सरळ कापलेली पट्टी लावली की पुढची भेग बरोबर तिच्या कडेलाच येते. बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा आधी सोडा. अर्थची पकड कामाच्या अगदी जवळ लावा. ती दुसऱ्या चॅसीला लावली तर करंट सांध्याच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर डाग पडतात.

अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, ब्रेक

चाकाच्या हबमध्ये प्लॅनेटरी गिअर असतात. प्रत्येक हबचा प्लग उघडून थोडं ऑइल पांढऱ्या भांड्यात घ्या. बारीक करडी पूड थोडीफार असणारच. बोटांना टोचणारे कण किंवा चकत्या असतील तर आत काहीतरी तुटलंय. दुधट ऑइल म्हणजे पाणी शिरलंय. मधल्या डिफरन्शियलचंही असंच बघा. बऱ्याच यंत्रांत नो-स्पिन प्रकारचा, म्हणजे एकच चाक मोकळं फिरू न देणारा, डिफरन्शियल असतो. वळताना त्याचा टक् टक् आवाज येतो आणि तो दोष नसतो.

पॉवरशिफ्ट, म्हणजे ऑइलच्या दाबावर आतले क्लच बदलणाऱ्या, गिअरबॉक्सचं ऑइल हुंगून बघा. जळका वास आणि काळा रंग म्हणजे आतल्या क्लच प्लेट संपत आल्या. यंत्र चांगलं गरम झाल्यावर प्रत्येक गिअर दोन्ही दिशांना टाका. टाकल्यावर पकड यायला उशीर होत असेल आणि तो एकाच गिअरला होत असेल तर त्या गिअरच्या क्लचचं सील किंवा प्लेट. सगळ्याच गिअरना होत असेल तर आधी ऑइलची पातळी, फिल्टर आणि पंपाचा दाब. तपासण्या गरम यंत्रावरच करा. थंड, घट्ट ऑइल बरेच दोष झाकून ठेवतं. उलट इंजिनाची पहिली सुरुवात थंड असतानाच झाली पाहिजे. तुम्ही पोहोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

ब्रेकच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काही यंत्रांच्या ब्रेकमध्ये नेहमीचं ब्रेक फ्लुइड चालतं, काहींत हायड्रॉलिकचं खनिज ऑइल. एकाच्या जागी दुसरं घातलं की रबराची सगळी सीलं फुगून जातात. मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय टाकीत थेंबही ओतू नका.

इंजिन

आता इंजिनाकडे या. जुन्या स्किडरमध्ये डेट्रॉइट डिझेलचं ३-५३ किंवा ४-५३ वारंवार भेटतं. पहिला आकडा सिलिंडरांचा, ५३ म्हणजे एका सिलिंडरचं घनइंचांतलं माप, अंदाजे ०.८७ लिटर. हे टू-स्ट्रोक डिझेल आहे. हवा ब्लोअर (इंजिनावर चालणारा हवेचा पंप) ढकलतो, ती लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीच्या, भोकांतून आत जाते आणि धूर वरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर पडतो. त्याचा आवाज ऐकून इंजिन जास्तच वेगाने फिरतंय असं वाटतं, कारण प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक सिलिंडर पेटतो.

या रचनेचा एक मोठा फायदा तपासणाऱ्याला आहे. ब्लॉकच्या बाजूची एअरबॉक्सची, म्हणजे लायनरभोवतीच्या हवेच्या कप्प्याची, झाकणं काढली की लायनरच्या भोकांतून पिस्टन आणि रिंगा प्रत्यक्ष दिसतात. हेड उघडायला नको. क्रँक हाताने हळू फिरवत एकेक रिंग समोर आणा आणि बोथट लाकडी काडीने दाबा. मोकळी रिंग स्प्रिंगसारखी परत येते. अडकलेली किंवा तुटलेली येत नाही. पिस्टनवर उभे ओरखडे असतील तर तेही इथेच कळतात. विकणारा ही झाकणं उघडू देत नसेल तर मी पुढे जाणार नाही.

ऑइलची पातळी वर असेल, ऑइल पातळ असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर व्हॉल्व्ह कव्हरखालच्या इंधनाच्या छोट्या नळ्या बघा. त्या आतच गळतात आणि डिझेल थेट खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. अशा ऑइलवर चालवलेलं इंजिन बेअरिंग खातं. एअरबॉक्सच्या निचऱ्याच्या नळीतून थोडं ऑइल टपकणं साहजिक आहे, धार नाही. आणि या इंजिनात एकाच ग्रेडचं, सहसा एसएई ४०, कमी राखेचं ऑइल घालतात; हाताशी आहे म्हणून मल्टिग्रेड घालू नये.

एक धोका आधीच समजून घ्या. इंजेक्टरचा रॅक, म्हणजे इंधन कमी-जास्त करणारा दांडा, अडकला किंवा ब्लोअरची सीलं गळून इंजिन स्वतःचंच ऑइल जाळू लागलं तर त्याचा वेग वाढतच जातो, आणि चावी बंद करून काही होत नाही. अशा वेळी हवा बंद करणं हा एकच उपाय. हवा बंद करणारी आपत्कालीन झडप बहुतेक इंजिनांवर असते, पण कित्येक यंत्रांत ती गंजलेली किंवा तिची केबल काढलेली असते. बंद पडलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी ती झडप हाताने चालवून बघा आणि हवेचं तोंड झाकता येईल असा लोखंडी पाट जवळ ठेवा. हात किंवा फडकं कधीच नाही.

इतर इंजिनांचे, म्हणजे जॉन डिअर, पर्किन्स, कमिन्स यांचे नियम कुठल्याही जुन्या डिझेलसारखेच आहेत: थंड सुरुवात, धुराचा रंग, रेडिएटरमधले बुडबुडे, ब्रीदरमधून येणारा वायू.

विंचबद्दल थोडक्यात. मोकळं सोडल्यावर केबल हाताने ओढता आली पाहिजे, आणि भार घेतल्यावर ब्रेकने तो न घसरता धरला पाहिजे. दोन्ही बघताना ताणलेल्या केबलच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. तुटलेल्या तारा असलेली केबल तपासणीसाठीसुद्धा ताणू नका.

घरी आणल्यावर

पहिलं काम धुणं. पोटाखालचा संरक्षक पत्रा आधार देऊन उतरवा. तो जड असतो आणि बोल्ट सुटताच खाली येतो. त्याच्यावर वर्षानुवर्षांचा पालापाचोळा, भुसा आणि ऑइल साचलेलं असतं. स्किडरला आग लागते ती बहुतेकदा इथूनच. त्यामुळे हा थर पूर्ण काढा, घासलेल्या तारा बदला, बॅटरीला मुख्य स्विच बसवा आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी बांधा.

मग सुरक्षेची कामं: ब्रेक, पार्किंग ब्रेक, सांध्याचं कुलूप, सीटबेल्ट. त्यानंतर सगळी ऑइल बदला आणि काढलेले फिल्टर कापून त्यांच्या घड्यांत काय अडकलंय ते बघा. हायड्रॉलिकची गळती शोधताना हात फिरवू नका. बारीक भोकातून दाबाने निघालेलं ऑइल कातडीच्या आत शिरतं, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि तरीही ताबडतोब शस्त्रक्रिया लागते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. ब्लेड उचलून इंजिन बंद केल्यावर ते खाली घसरत असेल तर सिलिंडरची सीलं किंवा व्हॉल्व्ह बघा. ब्लेडखाली जाऊन नाही.

नटबोल्ट आणि फिटिंगबद्दल एक सूचना वेळ वाचवेल. अमेरिका-कॅनडातली ही जुनी यंत्रं इंचाच्या मापाची आहेत. मिलिमीटरचा पाना थोडाफार बसतो आणि नटाचे कोपरे गोल करतो. होज पाइपच्या फिटिंगमध्ये ३७ अंशांचं जेआयसी आणि ४५ अंशांचं एसएई अशा दोन प्रमाणांची तिरकी तोंडं असतात. काही मापांत आटे जुळतात पण बैठक जुळत नाही, आणि मग कितीही आवळलं तरी ते गळत राहतं. जुना होज सोबत नेऊनच नवा बनवून घ्या.

टायर आणि रिम यांच्याशी खेळ नको. टायर चढवलेल्या रिमला वेल्डिंग करू नये, हवा काढलेली असली तरी नाही. आत साठलेल्या वायूने टायर फुटतो. अनेक तुकड्यांच्या रिममध्ये हवा पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने भरतात. ते काम येणाऱ्या माणसालाच द्या.

बदल करायचे असतील तर

निदान एक हंगाम यंत्र आहे तसं चालवा. त्याचा खरा कमकुवत भाग कुठला हे तोपर्यंत कळत नाही.

डेट्रॉइट काढून कमिन्स ४बीटी बसवणं हा नेहमीचा बदल. ३.९ लिटरचं हे फोर-स्ट्रोक टर्बो इंजिन कमी फेऱ्यांवर चांगलं ओढतं. पण आधी काही गोष्टी मोजा. बेल हौसिंगचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचा, एसएई नंबर जुळतो का? या मोजणीत आकडा लहान तर हौसिंग मोठं. जुनं इंजिन कुठल्या दिशेला फिरत होतं? डेट्रॉइट दोन्ही दिशांना फिरणारी बनत होती, त्यामुळे गिअरबॉक्सचा पंप उलटा फिरणार नाही ना हे बघायलाच हवं. ४-५३ काही यंत्रांत २८०० फेऱ्यांपर्यंत चालायचं. नवं इंजिन त्याहून हळू फिरत असेल तर यंत्राचा वेग आणि हायड्रॉलिकचा प्रवाह दोन्ही कमी होतात. कमी फेऱ्यांवरचा जास्त जोर जुन्या गिअरबॉक्सला आणि अ‍ॅक्सलला झेपेल का? आणि पंखा. बऱ्याच स्किडरमध्ये तो हवा रेडिएटरमधून बाहेर ढकलतो, म्हणजे पाला जाळीवर चिकटत नाही. नव्या इंजिनाचा पंखा उलट दिशेने ओढत असेल तर रेडिएटर पाल्याने भरून जाईल.

केबलच्या जागी ग्रॅपल लावण्याची हौस अनेकांना असते. मी नवख्याला नको म्हणेन. ग्रॅपलचं आणि त्याने उचललेल्या लाकडाचं वजन मागच्या अ‍ॅक्सलवर आणि कमानीच्या मुळावर येतं, पुढचा भाग हलका होतो आणि चढावर पुढच्या चाकांची पकड जाते. केबलसाठी बनवलेल्या मागच्या चॅसीला त्यासाठी मजबुती लागते, आणि जास्त प्रवाहाचा पंप तर लागतोच. रुंद टायर दलदलीत छान, पण ते चाकाला बाहेर नेतात, म्हणजे हबच्या बेअरिंगवरचा भार वाढतो. जाड केबलही फुकट मिळत नाही. ड्रमवर तिची लांबी कमी मावते आणि ड्रम लहान असेल तर ती लवकर मोडते. दिवे, जाळ्या, होज पाइपना आवरणं, इंजिन गरम करणारा हीटर, हे बदल मात्र बिनधास्त करा.

चालकाभोवतीची चौकट हा शेवटचा आणि सर्वात महत्त्वाचा विषय. यंत्र उलटल्यास वाचवणाऱ्या चौकटीची कसोटी आयएसओ ३४७१ मध्ये आहे, जंगलकामात वरून पडणाऱ्या वस्तूंपासूनच्या संरक्षणाची ८०८३ मध्ये आणि बाजूने घुसणाऱ्या फांद्या-लाकडांपासूनच्या संरक्षणाची ८०८४ मध्ये. अमेरिकेत ९ फेब्रुवारी १९९५ नंतर पहिल्यांदा कामाला लागलेल्या स्किडरना उलटण्यापासून आणि वरून पडणाऱ्या वस्तूंपासून असं संरक्षण कायद्याने लागतं. त्याहून जुन्या यंत्रावर ते नसेल तर कसोटीला उतरलेली, त्या मॉडेलसाठी बनवलेली चौकट शोधून बसवा. पाइप जोडून घरी केलेली चौकट चौकटीसारखी दिसते, पण यंत्राचं वजन पेलेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. मूळ चौकटीला दिव्यासाठी भोक पाडू नका, उंची कमी करायला तिचा खांब कापू नका, वाकलेला खांब गरम करून सरळ करू नका. दिवा बसवायचाच असेल तर पट्ट्याने आवळणारी क्लॅम्प वापरा.